गेटवरच्या दिव्याचा गोळा

गेटच्या खांबावरच्या दिव्याचा गोळा बदलताना ‘जुन्या गोळ्याचा व्यास मोजा आणि तेवढाच आणा’ असं सांगतात, ते अर्धंच बरोबर. 8 इंचीऐवजी 10 इंची आणला तरी खपून जातं, खांब जरा डोकेजड दिसतो इतकंच. अडतं ते तोंडाशी. जिथे 3 स्क्रू आवळतात तिथे गोळ्याला बाहेर आलेली कड आहे की नुसतं कापलेलं भोक, ते बघा. कड असेल तर तिचा बाहेरचा व्यास मोजायचा. शक्यतो गोळा ज्यात बसतो ती खालची वाटीच काढून दुकानात न्या, पट्टीपेक्षा खात्रीचं.

आणि प्लास्टिकचा गोळा पिवळा पडतोच असंही म्हणतात, पण सगळं प्लास्टिक सारखंच पिवळं पडत नाही हो. अ‍ॅक्रिलिक उन्हात बरंच टिकतं, पण चेंडू लागला की तडकतं. पॉलीकार्बोनेट मार खातं, मात्र यूव्ही (उन्हातल्या अतिनील किरणांपासून) संरक्षण नसेल तर पिवळं पडतं. आमच्या गेटसमोर रोज क्रिकेट, त्यामुळे पॉलीकार्बोनेटच, प्रश्नच नव्हता.