पिटकेर्न: कायदा होता, बाहेरचा पोलीस नव्हता

पिटकेर्न हे प्रशांत महासागरातलं जेमतेम पन्नास माणसांचं ब्रिटिश बेट. तिथल्या पुरुषांवर मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचे खटले चालवून लंडनचा कायदा त्यांच्यावर लादला, असं काही जण म्हणतात; हे मत मला पटत नाही. १७९० मध्ये बेटावर येऊन वसलेल्या बंडखोर खलाशांनी, म्हणजे आपल्या पूर्वजांनी, बाउंटी हे ब्रिटिश जहाज जाळलं तेव्हाच ब्रिटनशी नातं तुटलं, असाही युक्तिवाद पिटकेर्नच्या आरोपींनी केला होता. २००६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या अंतिम अपील न्यायालयाने, त्यांची अपिलं फेटाळली. बलात्कार गुन्हा आहे हे कळायला कायद्याचं पुस्तक बेटावर पोहोचावं लागत नाही.

पण बेटाचा कारभार पाहणारा ब्रिटिश गव्हर्नर आधी फिजीत, मग न्यूझीलंडमध्ये. आणि बेटावर तक्रार करायची ती नात्यागोत्यातल्याच माणसाकडे! त्या मुलींसाठी २००४ चा खटला कित्येक वर्षं उशिरा आला. त्यात बेटावरचे सात पुरुष उभे राहिले, सहा दोषी ठरले. इतकी वर्षं डोळेझाक करणाऱ्या प्रशासनाला मात्र कोणीच जाब विचारला नाही, याचा मला जास्त संताप येतो.