अळसांद्याची पिवळी पाने आणि मुळांवरच्या गाठी

अळसांद्याची (गोव्यातल्या चवळीची) पाने पिवळी पडली म्हणजे नत्र कमी, तेव्हा पुढच्या वेळी बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतले नत्र पिकाला देणारे जिवाणू) चोळा, असे सांगितले जाते; ते मला अर्धेच पटते. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी आणि सरसकट पिवळी होतात. विषाणूने मात्र शेंड्याच्या कोवळ्या पानांवर हिरवे-पिवळे चट्टे उठतात. गोव्यातल्या पेडण्यात भातकापणीनंतर पेरलेल्या आमच्या अळसांद्याचे पिवळ्या पानांचे एक रोप मी उपटून पाहिले, तेव्हा मुळांवर गाठी भरपूर होत्या आणि नखाने फोडल्यावर त्या आतून गुलाबी निघाल्या, म्हणजे जिवाणू आपले काम चोख करीत होते. पानांच्या पाठीवर मात्र काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) दाटला होता. माव्याने पसरणारे चवळीचे काही विषाणू बियाण्यातूनही पुढे जातात, म्हणून अशा रोपांच्या शेंगा बियाण्यासाठी कृपया राखू नयेत.