नवख्या घरच्यांना घेऊन मांडवा ते मुरूड: निघण्याआधी काय सांगायचं?

मांडवाकर_२८

नमस्कार मंडळी. माझी २८ फुटी शिडाची बोट आहे, टिलरवर (सुकाणू वळवायच्या दांड्यावर) चालणारी. डिसेंबरात पहिल्यांदाच घरच्यांना घेऊन मांडव्याहून मुरूडला जायचा बेत आहे. बायको, मेहुणा आणि ६८ वर्षांचे बाबा. तिघंही कधी शिडाच्या बोटीत बसलेले नाहीत. मेहुणा पट्टीचा पोहणारा, त्यामुळे लाईफजॅकेट नको म्हणतोय. मागे मित्रांना नेलं तेव्हा अर्धा तास सगळं समजावलं होतं. वाटेतलं खांदेरी बेट येईपर्यंत अग्निशामक कुठे आहे हेही कुणाला आठवेना. काय सांगू, आणि बाबा घाबरणार नाहीत असं कसं सांगू?

शिडवाली

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. १४ वर्षं याच किनाऱ्याला बोट चालवतेय, पण एक दुपार अजून डोळ्यांसमोरून जात नाही. खांदेरीच्या बाहेर होते, वारा चांगला १८ नॉट, म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. पुढच्या शिडाचा दोर अडकला म्हणून मैत्रिणीच्या हातात टिलर दिला, "सरळ धर" म्हटलं आणि पुढे गेले. पाय घसरला. हार्नेसचा पट्टा जॅकलाईनला (डेकवर लांबीने ताणलेल्या दोरीला) अडकवलेला होता म्हणून कमरेपर्यंतच पाण्यात गेले, पण बोट पाच नॉटने मला ओढत होती. मैत्रीण रडत होती आणि टिलर सरळ धरून होती, कारण मी तेवढंच सांगितलं होतं. शेवटी मीच ओरडून तिच्याकडून बोट थांबवून घेतली.

तेव्हापासून माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "मी पाण्यात पडले तर काय कराल?" टिलर बूमच्या, म्हणजे मोठ्या शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, दिशेला ढकलायचा. बोट वाऱ्याकडे तोंड करते, शिडं फडफडतात, वेग पडतो. हे सांगून भागत नाही. मांडव्याच्या बाहेर पडलात की हलक्या वाऱ्यात तिघांकडून दोन-दोनदा करून घ्या. बाबांकडूनही. हातात काम आलं की भीती कमी होते, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

पाच नॉटला बोट मिनिटाला दीडशे मीटर पुढे जाते आणि तेवढ्या अंतरावर लाटांमध्ये माणसाचं डोकं दिसत नाही. म्हणून पडणाऱ्याकडे हाताने खूण करत राहणं हे एकाच माणसाचं काम, त्याने नजर हलवायची नाही. ते बाबांना द्या. दुसऱ्याने तरंगणारी रिंग फेकायची आणि जीपीएसवरचं एमओबीचं (माणूस पाण्यात पडल्याची जागा नोंदवणारं) बटण दाबायचं. इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात एकही दोर लोंबकळत नाही ना, ते बघायचं, नाहीतर तो बोटीखालच्या इंजिनच्या पंख्यात गुंडाळला जातो.

मेहुण्यांना सांगा, बूम डोक्यात बसलेल्या माणसाला पोहता येत नाही. १५० न्यूटनचं (एवढा तरंगवणारा जोर असलेलं) जॅकेट बेशुद्ध माणसाचंही तोंड वर ठेवण्यासाठी बनवलेलं असतं, आणि तेसुद्धा मांड्यांमधून जाणारा पट्टा बांधला असेल तरच. नाहीतर जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली. आदल्या रात्री प्रत्येक जॅकेट उघडून ते फुगवणारी गॅसची नळी हाताने पिळून घट्ट करा, ती आपोआप सैल होते.

वस्तू दाखवताना नुसती हाताने खूण करू नका. ज्याला जे वापरायचंय त्याने ते स्वतः काढून परत ठेवावं. बायकोला शेगडीच्या सिलिंडरची चावी बंद करायला लावा, कारण घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि वास वर येत नाही. रेडिओशेजारी कागद चिकटवा: चॅनेल १६, मेडे (संकटाची हाक) तीनदा, बोटीचं नाव, ठिकाण, माणसं किती. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

थळचा_नाखवा

ताईंनी बाकी सगळं सांगितलंय. मी वाऱ्याचं आणि जाळ्यांचं सांगतो. पहाटे मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) असते, त्यावर निघा. दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो. जाताना तो पाठीशी येईल म्हणून बरं वाटेल, पण पाठीच्या वाऱ्यातच बूम अचानक पलीकडे जातो. तेव्हा कॉकपिटमध्ये (मागच्या बसायच्या खळग्यात) कुणी उभं राहायचं नाही. आणि येताना तोच वारा नाकासमोर, तेव्हा परतीला दुपार धरू नका. थळपासून पुढे डोलीची (समुद्रात रोवलेली मासेमारीची) जाळी असतात. त्यांच्या खुणेचे बावटे आणि पिंपं बघायला एक माणूस पुढे बसवा. चौल कडूच्या खडकापासून लांबून जा. अंधार पडायच्या आत मुरूडजवळच्या राजपुरीच्या खाडीत नांगर पडला पाहिजे.

शिडवाली

नाखवा, बूमचं मीच आधी सांगायला हवं होतं. आणखी एक, निकडीची पिशवी केबिनच्या पायरीशीच ठेवा, आत खोल नको. २०१८ मध्ये हिंदी महासागरात, एकट्याने शिडाच्या बोटीच्या शर्यतीत असताना, अभिलाष टॉमी यांची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार लागला, तेव्हा दुसरा सॅटेलाइट फोन त्यांच्या पिशवीत होता, पण तिथपर्यंत त्यांना पोचता येत नव्हतं. तो माणूस तर पृथ्वीप्रदक्षिणा केलेला.

मांडवाकर_२८

मनापासून आभार. काल बोट जेटीला बांधलेली असतानाच बाबांना टिलर दिला. तीनदा बूमकडे ढकलला, चौथ्यांदा मला म्हणाले, "आता तू पुढे जाऊन बस, मी बघतो." मेहुण्याने जॅकेट घालून पाहिलं, मांड्यांचा पट्टा मात्र तोकडा पडतोय. असा लांब पट्टा मुंबईत कुठे मिळेल?

थळचा_नाखवा

शिडं शिवणाऱ्याकडे जॅकेट घेऊन जा, मापाने शिवून देईल. शिवण नायलॉनच्या दोऱ्याची करायला सांगा, सुती दोरा खाऱ्या पाण्यात कुजतो.