बहिणीला पाळक व्हायचंय, कोकणात शक्य आहे का?

खाडीपलीकडचा:
नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे. आम्ही सिंधुदुर्गातले मराठी ख्रिस्ती, चर्च सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), गावाचं नाव टाकत नाही कारण इथं सगळेच सगळ्यांना ओळखतात. धाकटी बहीण एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) झालीये, मच्छी विकणाऱ्या बायकांच्या बचत गटांचं काम बघते, रविवारी शब्बाथ शाळा घेते आणि पाळकसाहेब दुसऱ्या गावी गेले की उपासनासुद्धा तीच चालवते, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस देण्याचा विधी) सोडून सगळं. आता म्हणते मला थिऑलॉजी करून रीतसर पाळक व्हायचंय. पप्पा गप्प आहेत. आईचं पहिलं वाक्य, मग लग्न कोण करणार. चर्च कमिटीतले एक काका म्हणाले पोरगी हुशार आहे, नर्सिंगला घालायची होतीत. मला स्वतःला काही प्रॉब्लेम नाही पण तिनं नोकरी सोडून चार वर्षं घातली आणि परत आल्यावर कोणी उभंच केलं नाही तर काय, ही भीती आहे. नियमात बसतं का, शिकायचं कुठं, आणि आपल्याकडची माणसं बाईच्या हातून प्रभुभोजन घेतील का? अनुभव असलेल्यांनी लिहा प्लीज.

दर्यावर्दी७२:
बायबलात १ करिंथ १४:३४ वाचा, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं स्पष्ट लिहिलंय, १ तीमथ्य २:१२ पण बघा. समाजसेवा करायला कोणी अडवलंय का तिला, प्रवचनाला पुलपिटवर कशाला जायला हवं. माझं मत आहे, राग नसावा.

निवृत्त_मास्तर:
दर्यावर्दी, जरा तीन अध्याय मागं जा की. ११:५ मध्ये ते पत्र लिहिणारा तोच पौल म्हणतो बायकांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं. आता त्या बोलतच नव्हत्या तर डोक्यावरच्या पदराची चौकशी कशाला केली असती त्यानं? आणि रोमकरांच्या पत्रात शेवटच्या अध्यायात सगळ्यात पहिलं नाव किंख्रियाच्या फिबीचं आहे. किंख्रिया हे करिंथचं बंदर, म्हणजे तीही किनाऱ्यावरचीच बाई. असो, यावर भांडायचं तर वेगळा धागा काढू.

खाडीपलीकडचा, नियमाचं म्हणाल तर बसतं. सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन झालं, त्यात डीकन (पाळकाच्या हाताखालचा), प्रेसबिटर (पूर्ण पाळक), बिशप (डायोसिसचा म्हणजे धर्मप्रांताचा प्रमुख) अशा तीन पायऱ्या आहेत आणि बायकांना तिन्ही मोकळ्या आहेत, ओडिशात फुलबनीला व्हायोलेट नायक या सीएनआयच्या पहिल्या बाई बिशप झाल्यात. दक्षिणेत सीएसआयनं (चर्च ऑफ साउथ इंडिया) तर २०१३ लाच नंद्यालला पुष्पा ललिता यांना बिशप केलं होतं. तेव्हा वरती अडत नाही, अडतं ते आपल्या पास्टोरेट कमिटीत, म्हणजे गावच्या चर्चच्या कमिटीत.

म्हणून सांगतो, आधी अॅडमिशन आणि मग शिफारस असं चुकूनसुद्धा करू नका. पहिल्यांदा पास्टोरेट कमिटीची लेखी शिफारस, ती डायोसिसकडे, तिथं मुलाखत, आणि डायोसिसनं उमेदवार म्हणून घेतल्यावर कॉलेज. डिग्री बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी), थिऑलॉजीच्या डिग्र्या देणाऱ्या सेरामपूर सिनेटची. पुण्यात बिबवेवाडीला यूबीएस, म्हणजे युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे (हे आधी यवतमाळला होतं, १९८३ ला पुण्यात आलं), बंगळूरला यूटीसी, युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज. डायोसिसनं पाठवलेली असली तर परत आल्यावर नेमणुकीचं बघायला कोणीतरी बांधील असतं, स्वतःच्या पैशानं परस्पर गेली तर डिग्री मिळेल पण पुढं वाली नाही, अशी मुलं पण बघितलीत मी, मुलींचं तर सोडाच. शिकून आल्यावर आधी डीकनची दीक्षा, काही काळ कोणाच्या तरी हाताखाली, मग प्रेसबिटर. प्रभुभोजन द्यायचा अधिकार प्रेसबिटर झाल्यावरच, तोवर तिनं आत्ता करते तेवढंच करायचं.

आणि कोकणाला बाई नवीन आहे असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. बाणकोटला स्कॉटिश मिशनरी १८२३ ला आले, पण पुरुष मिशनऱ्याला माजघरात कोण घेणार होतं हो? तिथवर गेल्या त्या बायबल वुमन, म्हणजे घरोघरी बायबल सांगणाऱ्या बायका, पायी, दारोदार. त्यांना रेव्हरंड कोणी म्हटलं नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला शेकडो बायकापोरी सांभाळल्या, हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, ते तिथल्या बायकांनीच छापलं, तरी दीक्षा त्यांनाही नव्हती. काम करायला बाई चालत होतीच, प्रश्न फक्त हुद्द्याचा होता आणि आहे.

पांढरी_साडी:
मी प्रेसबिटर आहे, कोकणातच आहे, याहून जास्त ओळख देत नाही. मास्तरांनी कागदाचं सांगितलं ते बरोबर आहे, मी बाकीचं सांगते.

सुरुवात साडीपासून. दीक्षेला पांढरी साडी नेसले तर आमच्या शेजारच्या आजी आईला विचारत होत्या, जावई कधी गेले म्हणून. कॉलरचा ब्लाऊज शिवायला बाजारातला एक टेलर तयार होईना, शेवटी शाळेच्या युनिफॉर्मवाल्यानं शिवून दिला. हे हसण्यावारी जातं. जात नाही ते दुसरं. पहिल्या प्रभुभोजनाच्या आधी कमिटीतले एक वडीलधारे माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारत होते की बाईंच्या त्या चार दिवसांत रविवार आला तर काय करायचं. मला नाही विचारलं, नवऱ्याला. मी म्हटलं दादा, येशूच्या वस्त्राला हात लावला ती बाई बारा वर्षं रक्तस्रावानं आजारी होती, त्यानं तिला परत पाठवली का? ते त्या दिवशी रांगेत आले नाहीत, पुढच्या महिन्यात आले. काही जण अजून येत नाहीत, मी मोजत बसत नाही.

सगळ्यात अवघड मला दफन गेलं. आपल्याकडं बायका मातीला जात नाहीत, ख्रिस्ती घरातल्यासुद्धा पुष्कळ ठिकाणी घरीच थांबतात, आणि इथं पेटीच्या पुढं बाई चालणार. शेजारपाजारचे हिंदू लोक आलेले असतात तेही बघत राहतात. पण खरं सांगू, मला गावानं पाळक म्हणून धरलं ते तिथंच. गेलेल्या माणसाची बायको माझा हात धरून कबरेपर्यंत आली, एरवी तिला कोणी येऊ दिलं नसतं. त्यानंतर त्या घरात कोणी विचारलं नाही बाई चालते का म्हणून.

आता बहिणीच्या एमएसडब्ल्यूबद्दल, कारण इथं तिनं सावध राहावं असं मला वाटतं. ते शिक्षण फुकट जाणार नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा चिखल काढणं, औषधं, कोणाचे कागद वाहून गेले त्याच्या याद्या, पंचनाम्याला तलाठ्याच्या मागं लागणं हे सगळं ज्याला येत होतं त्याच्याकडंच लोक येत होते, धर्म कोणी विचारत नव्हतं. पण याच कामात तुम्हाला कायमचं बसवून टाकतात. महिला मंडळ बाईंकडं, मुलं बाईंकडं, पूरग्रस्त बाईंकडं, आणि ट्रस्ट, जागा, हिशेब, कोर्टाच्या तारखा पुरुषांकडं. मिशन कंपाऊंडच्या जागांची भांडणं कोकणात काय कमी आहेत? म्हणून तिला सांगा की ग्रीक शिकशीलच, पण सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड वाचायला पण शीक. मिटिंगमध्ये फेरफारावर बोट ठेवून प्रश्न विचारला की मग त्यांना तुम्ही चहा सांगायला बसलेल्या वाटत नाही.

पैशाचं, मानधन थोडं असतं, बदल्या होतात, त्यामुळं नवरा बदली झेपणारा बघावा लागतो. आईंना सांगा लग्न होतं, माझं झालंय, फक्त स्थळांची यादी आखूड होते. आणि ते बरंच असतं.

मालवणी_मामा:
आमी कॅथलिक, आमच्यात ता जमणा नाय, पोप जॉन पॉलनी १९९४ क लिवनच टाकल्यानी की बायलमाणसाक प्रीस्ट करूचो अधिकार चर्चीक नाय म्हणान. २०२१ क पोप फ्रान्सिसनी वाचन आणि आल्तारीची सेवा बायलांक रीतसर उघडी केल्यानी, तितकाच. पण शाळा, दवाखानो, म्हातारी माणसा सगळा सिस्टरच बघतत, फादर बदलत ऱ्हवतत. तुझ्या भयणीक वाट मोकळी आसा तर जाऊ दे रे, कित्या इचारत बसलंस.

दर्यावर्दी७२:
पांढरी साडी ताई, मत माझं तेच आहे, पण दफनाचं लिहिलंत ते वाचून जरा थांबलो. आमच्याकडं माझी आई वडिलांच्या मातीला आली नव्हती.

खाडीपलीकडचा:
सगळ्यांचे आभार, ताईंचं उत्तर घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. बहीण पुरुषांच्या खात्यावर हसली, आई स्थळांच्या यादीवर नाही हसली. पप्पा अजून बोलले नाहीत पण रात्री त्यांनीच विचारलं की यूबीएसला होस्टेल आहे का. कमिटीचे सेक्रेटरी म्हणतात तोंडी सगळ्यांना सांगून ठेवतो, ईस्टरनंतर बघू.

निवृत्त_मास्तर:
होस्टेल आहे. आणि तोंडी नको. बहिणीनं स्वतःच्या सहीचा अर्ज द्यावा, झेरॉक्सवर पोच घ्यावी, आणि विषय अजेंड्यावर येऊन मिनिट्समध्ये नोंद झाली पाहिजे, नकार असला तरी नोंदीतच हवा, म्हणजे डायोसिसला दाखवता येतो. ईस्टरनंतर बघू म्हणजे नाताळ उजाडतो.