नौदलातून महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाकडे : आपले अनुभव लिहा

नौदलातील बरेच अधिकारी पन्नाशीच्या मध्यावर निवृत्त होतात, अल्पसेवा कमिशनवरचे (म्हणजे ठरावीक वर्षांसाठीच घेतलेले) तर त्याहून पुष्कळ आधी. आणि त्यांतील काही जण पुढे प्राचार्य, संचालक किंवा कुलसचिव म्हणून महाविद्यालयांत येतात. लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी' किंवा जामनगरच्या 'आयएनएस वलसुरा'सारख्या प्रशिक्षण तळांवर त्यांनी शिकवलेले असते, त्यामुळे बाहेरच्यांना हा बदल अगदी सरळ वाटतो. तो प्रत्यक्षात कसा झाला हे ज्यांनी केला त्यांनी लिहावे आणि ज्यांनी शेजारून पाहिला त्यांनीही लिहावे. संस्थेचे व व्यक्तीचे नाव देऊ नये.

निवृत्त कमांडर, अभियांत्रिकी शाखा, सध्या प्राचार्य

आधी व्यवहाराचे बोलतो, कारण सेवेतील मित्र निवृत्तीला वर्ष उरले की मगच हे विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे पदवी महाविद्यालयाच्या प्राचार्यपदासाठी पीएच.डी. आणि अध्यापन-संशोधनाचा पंधरा वर्षांचा अनुभव लागतो. इंजिनरूममध्ये काढलेली वर्षे त्यात धरली जात नाहीत. नौदलाने मला आयआयटीत एम.टेक.साठी पाठवले होते, पुढे शिकवण्याच्या नेमणुका मिळाल्या आणि पीएच.डी.ची नोंदणीही वर्दीत असतानाच केली, म्हणून अर्ज छाननीत टिकला. पीएच.डी. नसलेले अधिकारी बहुधा प्रशासकीय संचालक म्हणून येतात, आणि त्या पदाचे अधिकार पूर्णपणे संस्थाचालकांच्या मर्जीवर असतात.

आता मुख्य गोष्ट. जहाजावर प्रत्येक डिव्हिजनल ऑफिसरला, म्हणजे नौसैनिकांच्या एका गटाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला, आपल्या नौसैनिकांची खडान्‌खडा माहिती ठेवावी लागते : गाव कोणते, वडील काय करतात, बहिणीचे लग्न ठरले आहे का, घरासाठी कर्ज काढले आहे का. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात याच गोष्टीला 'मेंटॉर-मेंटी', म्हणजे मार्गदर्शक शिक्षक आणि त्याच्याकडे सोपवलेले विद्यार्थी, म्हणतात. त्याचे तक्ते सत्र संपताना एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेले मला दिसले. मी ते तक्ते बंद केले आणि प्रत्येक शिक्षकाला वीस विद्यार्थ्यांची साधी वही दिली. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा दर सोमवारी गैरहजर असायचा आणि त्याच्यावर कारवाईचा प्रस्ताव तयार होता. वहीतून कळले की तालुक्याचा आठवडी बाजार सोमवारी भरतो आणि वडिलांच्या आजारपणामुळे भाजीचा गाळा तोच सांभाळतो. आम्ही त्याच्या गटाचे प्रात्यक्षिक सोमवारवरून गुरुवारी नेले. जहाजावर शिस्तभंगाच्या सुनावणीसाठी 'डिफॉल्टर्स'च्या टेबलासमोर उभ्या केलेल्या जवानाबाबतही शिक्षा सुनावण्याआधी त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरचे म्हणणे ऐकले जाते; मी वेगळे काही केले नाही.

प्राध्यापक, अनुदानित महाविद्यालय

मी नौदलातला नाही, पण आमच्याकडे निवृत्त कॅप्टन प्राचार्य म्हणून आले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सर्वांना सकाळी एकाच वेळी हजेरी लावायला सांगितले. रात्री उशिरापर्यंत उत्तरपत्रिका तपासणाऱ्यालाही तोच नियम, दुपारच्या सत्रात तास असणाऱ्यालाही तोच. जहाजावर न पटणारा माणूस दोन वर्षांत बदलून जातो. इथे तोच सहकारी तीस वर्षे समोरच्या खुर्चीत बसणार असतो, याचा अंदाज त्यांना यायला वर्ष गेले. मात्र एका बाबतीत त्यांनी आम्हा जुन्यांना लाजवले. तासिका तत्त्वावरील शिक्षकांचे मानधन महिनोन्‌महिने थकते, हे आम्ही पावसासारखे गृहीत धरले होते. त्यांना ते समजेचना. मनुष्य कामावर आहे आणि त्याला पगार नाही, ही स्थिती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ते स्वतः उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात जाऊन बसत आणि देयक मंजूर झाल्याशिवाय उठत नसत.

माजी लेफ्टनंट कमांडर, शिक्षण शाखा, सध्या उपप्राचार्य

नौदलाने 1992 मध्ये स्त्री अधिकाऱ्यांना घ्यायला सुरुवात केली, त्यानंतरच्या पिढीतली मी. अल्पसेवा कमिशन चौदा वर्षांपलीकडे गेले नाही आणि निवृत्तिवेतन वीस वर्षांशिवाय नाही, त्यामुळे माझ्यासाठी दुसरी नोकरी हा हौसेचा भाग नव्हता. नौदलातील स्त्रियांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची सेवा, देण्याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च 2020 मध्ये आला, तोवर मी सेट ही प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन कोकणातल्या महाविद्यालयात गणित शिकवत होते.

वरील प्राध्यापकांशी मी सहमत आहे, पण वर्दीतली माणसे फक्त हुकूम देतात हा समज अपुरा आहे. तरुण अधिकारी अनुभवी चीफला, म्हणजे हाताखालच्या ज्येष्ठ नौसैनिकाला, विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. महाविद्यालयात ती जागा मुख्य लिपिकाची. कोणता प्रस्ताव विद्यापीठात कोणत्या टेबलावर अडकतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. स्त्री असल्याचा त्रास मात्र मला नौदलापेक्षा इथे अधिक झाला. नियामक मंडळाच्या बैठकीत माझे मत विचारले जायचे ते चहाची व्यवस्था ठरवताना.

सागरी प्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य

माझे थोडक्यात. नौदल आणि व्यापारी नौवहन ही दोन वेगळी जगे आहेत. नौदलातला अनुभव म्हणजे व्यापारी जहाजावरचे सक्षमता प्रमाणपत्र नव्हे, आणि हे नौवहन महासंचालनालयाचे तपासनीस पहिल्याच भेटीत लक्षात आणून देतात. अर्ज करण्यापूर्वी पदाची पात्रता त्यांच्या परिपत्रकात वाचावी.

निवृत्त कमोडोर, एका विद्यापीठाचे माजी कुलसचिव

नौदलात पदभार सोपवताना सविस्तर लेखी टिपण असते : काय चालू आहे, काय बिघडले आहे, कोणते प्रकरण कोणत्या तारखेला उद्भवेल. मला मिळाला तो किल्ल्यांचा जुडगा. बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गासाठी, याची नोंदवही), सेवापुस्तके, न्यायालयीन प्रकरणे हे सारे कपाटे उघडत शोधावे लागले. एका जुन्या रिक्त पदाची नोंद बिंदुनामावलीत चुकीच्या प्रवर्गाखाली आढळली. ती दुरुस्त होऊन मागासवर्ग कक्षाकडून तपासून येईपर्यंत जाहिरात काढता आली नाही आणि त्या विभागाचे एक शैक्षणिक वर्ष शिक्षकाविना गेले. म्हणून जे लवकरच रुजू होणार आहेत त्यांनी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 आणि आपल्या संस्थेची बिंदुनामावली नियुक्तिपत्र हाती पडण्याच्या आतच वाचून काढावी, आणि शक्य झाल्यास आधीच्या अधिकाऱ्याला एक दिवस थांबवून घ्यावे.