देवाचं प्रतिरूप बुद्धीत असतं का? मग माझ्या ताईचं काय?

नगरकर:
माझी थोरली बहीण ४१ वर्षांची आहे. तिला बोलता येत नाही, हाताने जेवता येत नाही. दर रविवारी आम्ही तिला उपासनेला नेतो. गीतांचं पुस्तक तिच्या मांडीवर उलटं असतं, आणि सगळ्यांचं ‘आमेन’ होऊन गेलं की मागाहून तिचा लांबलचक ‘आऽऽ’ येतो.

गेल्या महिन्यात बायबल अभ्यासात ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय होता. शिकवणारे म्हणाले, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचा केला म्हणजे त्याला विचारशक्ती दिली. ताई शेजारीच होती. तिची लाळ पुसता पुसता माझ्या पोटात कालवलं. तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय.

ही व्याख्या जुनी आहे. ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताने प्रतिरूप शोधलं ते स्मृती, समज आणि इच्छा यांत. मध्ययुगातल्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडितानेही बुद्धीवरच भर दिला. पण उत्पत्ती १:२६-२७ मध्ये बुद्धीचा शब्दही नाही. तिथला हिब्रू शब्द ‘त्सेलेम’, म्हणजे मूर्ती, पुतळा. सीरियात तेल फखारिया इथे १९७९ साली एका राजाचा पुतळा सापडला. त्यावरच्या अरामी लेखात पुतळ्याला जे दोन शब्द वापरलेत, ते उत्पत्तीतल्या ‘त्सेलेम’ आणि ‘देमूत’ (सारखेपणा) यांचेच सख्खे भाऊ. देवळात राजाच्या वतीने उभ्या असलेल्या पुतळ्याला काय काय येतं, असं कुणी विचारत नाही. तो कुणाचा, एवढंच बघतात. ताई देवाची आहे. तिला काय येतं हा प्रश्नच गैरलागू आहे.

विवेकवादी:
तुमची तळमळ खरी आहे, म्हणूनच स्पष्ट बोलतो. शेकडो वर्षं या शब्दाचा अर्थ ‘बुद्धी’ होता, आता अडचण दिसली म्हणून ‘पुतळा’. ज्याचा अर्थ असा फिरवता येतो, त्यावर ताईंचा मान कशाला टांगायचा? त्यांना वेदना होते, आनंद होतो, एवढं पुरेसं नाही का? आणि हेच वचन वाचणाऱ्यांनी गुलाम विकत घेतले. गोव्यात ख्रिस्ती झाल्यावरही चर्चमधल्या कोंफ्रारी, म्हणजे भाविकांच्या संघटना, जातवारच राहिल्या.

वसईची लेक:
कोंफ्रारींचं खरं आहे, आणि लाजिरवाणं आहे. पण त्याच वचनातून उलटं बोलणारेही निघाले. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरी या बिशपने गुलाम घेणाऱ्यालाच विचारलं होतं, देवाच्या प्रतिरूपाची किंमत तू किती ओबोल (ग्रीक नाणी) लावलीस? बुद्धी-बळ बघून भाव ठरवणाऱ्या बाजारात हा प्रश्न विचारायला दुसरा कुठला आधार होता? आपल्याकडे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती आश्रमात दुष्काळातल्या मुली आल्या, अंध मुलीही आल्या. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई, तिने त्यांना ब्रेल शिकवलं.

विवेकवादी:
पुण्यात फुले दांपत्याने मुलींना शिकवलं, त्यांना कुठलं बायबल लागलं?

वसईची लेक:
बायबल नाही, पण जोतीरावांना ‘निर्मिक’, म्हणजे निर्माता, लागला. सगळी माणसं समान का, तर एकाच निर्मिकाने केली म्हणून. नुसत्या वेदनेवर ते थांबले नाहीत.

विवेकवादी:
मान्य. पण त्यांच्या निर्मिकाला प्रतिरूप लागलं नाही. निर्माण केलं, एवढ्यावर हक्क उभा राहिला.

जुना संडेस्कूल शिक्षक:
दोघांचंही एक राहून गेलं. पापामुळे ते प्रतिरूप डागाळलं. पुरतं प्रतिरूप एकटा ख्रिस्त, बायबलातलं कलस्सै १:१५ वाचा. आपण फक्त त्याच्यासारखे होत जातो. ‘सगळेच प्रतिरूप’ म्हणत सुटलो तर तारणाची गरज काय उरली?

नगरकर:
सर, डागाळलं हे कबूल. पुसलं गेलं हे नाही. जलप्रलयानंतरही उत्पत्ती ९:६ खुनाला मनाई करतं ते माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे याच कारणाने. बायबलातलं याकोब ३:९ तर देवाच्या प्रतिरूपाच्या कुठल्याही माणसाला शाप देण्याबद्दल आहे, तारलेल्या-न तारलेल्याचा भेद तिथे नाही.

विवेकवादी, वेदनेचं म्हणता ते मला पुरत नाही. ताईला तापात वेदनाही नीट दाखवता येत नाही. दोन दिवस आम्हाला कळलंच नव्हतं. जे दिसतं-जाणवतं त्यावर मोजायला गेलं की ती दरवेळी कमी भरते.

विवेकवादी:
हे मनाला लागलं. तरी एक विचारतो, राग मानू नका. तुमची मंडळी, म्हणजे चर्च, ताईंना प्रभुभोजन (उपासनेतली भाकर नि द्राक्षारस) देते?

नगरकर:
नाही. बाप्तिस्मा झालाय. पण प्रभुभोजनाआधी कन्फर्मेशन, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली, लागते; तिथे प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, ती तिला देता येत नाहीत. ताट तिच्यासमोरून पुढे जातं. तिचा हात उठतो आणि मी तो हळूच खाली धरतो. इतकी वर्षं धरत आलोय.

जुना संडेस्कूल शिक्षक:
समजल्याशिवाय द्यायचं नाही हा नियम पवित्र गोष्टीचा मान राखायला आहे.

नगरकर:
सर, चार वर्षांच्या मुलाला घरी जेवायला बसवताना आपण त्याला भाकरीचा अर्थ विचारत नाही. पाळकसाहेबांची मी बुधवारची वेळ घेतली आहे. ताईलाही नेतोय.