अपग्रेडनंतर कर्नल पॅनिक: आधी जुन्या कर्नलवर या

दादा, उबुंटू (लिनक्सवर चालणारी संगणक प्रणाली) अपग्रेड होताना लाईट गेली आणि आता मशीन कर्नल पॅनिक देऊन (म्हणजे प्रणालीचा गाभा, कर्नल, सुरू होतानाच थांबून) ‘अननोन-ब्लॉक (०,०)’ वर अडकतंय म्हणता, तर हार्डडिस्क गेली समजून दुरुस्तीला लातूरला धावू नका. फॉरमॅट तर मुळीच मारू नका! त्या शून्य-शून्यचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की नव्या कर्नलची इनिटरामएफएस फाइल (सुरू होताना कर्नलला लागणारी मदतनीस फाइल) बनलीच नाही, म्हणून त्याला रूट विभाग (डिस्कवरचा, प्रणाली असलेला मुख्य भाग) सापडत नाही.

चालू करताना शिफ्ट दाबून धरा (यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस, असेल तर एस्केप), ग्रबच्या (सुरुवातीला येणाऱ्या निवड-मेनूच्या) अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडा. आत आल्यावर बूट विभागात (/boot, जिथे कर्नल ठेवलेले असतात) जागा बघा. भरला असेल तर चालू कर्नल सोडून त्याहून जुने काढा. मग टर्मिनलमध्ये अर्धवट राहिलेलं अपग्रेड पुरं करणारी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (sudo dpkg --configure -a) ही आज्ञा द्या, त्यानंतर नव्या कर्नलची आवृत्ती देऊन अपडेट-इनिटरामएफएस (update-initramfs), शेवटी अपडेट-ग्रब (update-grub). हे सगळं मात्र इन्व्हर्टर चार्ज असतानाच करा.